समोरासमोर बसवलं की मिटतं?

काका, कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं, घरगुती हिंसाचाराच्या केसमधे आधी सहा महिने नवराबायकोला एकत्र बसवून समुपदेशन सक्तीचं करा, निम्म्या केसेस तिथंच मिटतील, नाहीतर सुना म्हाताऱ्या सासूसासऱ्यांना सरळ आत टाकतात.

आधी ते आत टाकण्याचं. तुम्ही ४९८-अ (सासरच्या छळाचं फौजदारी कलम, आता न्याय संहितेचं कलम ८५) आणि २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा एकत्र कालवताय. २००५ च्या कायद्यात नुसता अर्ज केला म्हणून कोणाला अटक होत नाही ओ. हात उचलू नको, तिच्या ऑफिसात जाऊ नको, घराबाहेर काढू नको, खर्च दे, असे आदेश मिळतात, आणि संरक्षण आदेश मोडला तर मग गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद नाहीतर २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खोट्या केसेस असतातच, नाही कुठे म्हणतेय. सासऱ्याच्या नावावरचं घर म्हणाल तर २०२० मधे सुप्रीम कोर्टाने आपलाच २००६ चा निकाल फिरवला, सून तिथे राहण्याचा हक्क मागू शकते, पण म्हाताऱ्यांच्या शांततेचाही विचार करा असं त्यातच आहे, वेळ पडली तर तिला दुसरीकडे जागा द्या म्हणून.

आता ‘मिटतं’ ते कसं ते सांगते. मामेबहिणीबरोबर मी समुपदेशनाला गेले होते. दोघांना शेजारीशेजारी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसवलं, मॅडमनी विचारलं, बोला ताई, नेमका त्रास काय? तो मोबाईलमधे. मान वर केली नाही, फक्त पायाने तिची खुर्ची इंचभर सरकवली. ही म्हणाली, तसं काही नाही, होतं कधीकधी. फायलीत लागलं, समेटाची शक्यता. रिक्षात बसल्यावर म्हणते, खुर्ची सरकवली की घरी गेल्यावर काय होतं ते मला माहितीये.

आणि गंमत म्हणजे त्याच २००५ च्या कायद्याच्या कलम १४ मधे समुपदेशन एकेकट्याने किंवा जोडीने असं दोन्ही लिहिलंय, म्हणजे एकेकटं बसवायला नवा कायदा नकोच, तेवढं पाळा की! कोर्टाची पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लावायची असंही त्या कायद्यात लिहिलंय, आमची दीड महिन्यानं लागली.

मुलांचं काय, असं तुम्ही शेवटी विचारलंय. भाची दर शनिवारी बापाला भेटते, भेटायलाच हवं. ऑर्डरमधे वेळ लिहिलीये, जागा नाही. मग आम्हीच ठरवलं, पोरीला एटीएमच्या दारात सोडायचं, तिथे कॅमेरा आहे.