गाईड रेलची रबरी पट्टी सोलू नका

म्हापसा-फोंड्याकडच्या सुतारकामाच्या ग्रुपांवर सध्या ट्रॅक सॉबद्दल (सरळ गाईड रेलवरून सरकवत चालवायची गोल पात्याची करवत) एक मेसेज फिरतोय: ‘ट्रॅक सॉच्या रेलच्या कडेची रबरी पट्टी म्हणजे नुसतं पॅकिंग. ती सोलून टाका, कट अचूक येईल.’ हे खरं नाही.

ती पट्टी मुद्दामच थोडी रुंद दिलेली असते. नव्या रेलवरच्या पहिल्या फेरीत तुमच्याच मशीनचं पातं तिला कापून बेताची करतं. मकिटा, फेस्टूल या कंपन्यांच्या मॅन्युअलमध्येही हेच आहे. त्यानंतर पट्टीची कड हीच कटाची रेषा. पेन्सिलीच्या दोन खुणांना कड भिडवायची, की झालं.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं. पात्याचे दात खालून वर येतात, त्यामुळे वरचे तंतू उचलले जातात. पट्टी ते दाबून धरते. सागाच्या व्हिनिअरवर रेषांच्या आडवा कट आम्ही दोन्ही प्रकारे घेऊन पाहिला. पट्टीखालची कड नखाला अडकली नाही, पट्टीविना तुसंच तुसं उभी राहिली. रेलबाहेरचा तुकडा मात्र पट्टी असूनही फुटतो (गैरसमज बहुधा इथूनच आला असावा), म्हणून कामाचा भाग नेहमी रेलखाली ठेवा.

वेगळ्या जाडीचं पातं लावलं तर पट्टी नवी लावावी लागते, एवढंच. ज्यांनी आधीच सोलली त्यांनी जुना गोंद पुसून नवी चिकटवावी आणि पहिल्या फेरीला रेल क्लॅम्पने घट्ट धरावी.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.