'अयस्'वरून 'आयर्न'? एका फॉरवर्डची झडती

आमच्या फाउंड्रीवाल्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड दर दोन-तीन महिन्यांनी फिरून येतो. पाठवणारा बदलतो, मजकूर तोच. इंग्रजीतले लोखंडाचे आणि धातूंचे सगळे शब्द ग्रीकमधून उचललेले आहेत आणि ग्रीकांनी ते संस्कृतातून घेतले, असं त्याचं म्हणणं. पुरावे पाच. 'आयर्न' म्हणजे आपलं 'अयस्'. 'स्टील' म्हणजे ग्रीक 'स्तिल्बो', चकाकणं. 'मेटल' म्हणजे ग्रीक 'मेत आल्ला', एकामागून दुसरं. ग्रीकमध्ये लोखंडाला 'सीदेरोस' म्हणतात, म्हणजे ताऱ्यातून पडलेलं. आणि रसायनशास्त्रातलं लोखंडाचं 'एफई' हे चिन्हही ग्रीकच. खाली नेहमीप्रमाणे 'अभिमान असेल तर पुढे पाठवा'. अभिमान आहे, म्हणूनच पुढे पाठवत नाही.

'अयस्'पासून सुरुवात करू, कारण सगळ्यांना तेच पटतं. उच्चार जवळचा, अर्थही जवळचा, मग शंका कशाला? शंका अशी की इंग्रजी शब्द आज 'आयर्न' असला तरी हजार वर्षांपूर्वी तो 'ईसर्न', 'ईसेन', 'ईरेन' असा लिहिला जायचा. जर्मन भाऊबंद आजही 'आयझन' म्हणतात. त्याच्या शेजारी केल्टिक भाषा ठेवा: आयरिशमध्ये 'इअरन', वेल्शमध्ये 'हायअर्न'. फ्रान्समधल्या एका गावाचं जुनं नाव, तिथल्या गॉलिश या जुन्या केल्टिक भाषेतलं, 'इसार्नोदोरी', म्हणजे लोखंडी दरवाजा. हा शब्द मध्य आणि पश्चिम युरोपातला आहे. केल्ट लोकांकडून तो जर्मानिक लोकांकडे, म्हणजे इंग्रजी-जर्मन बोलणाऱ्यांच्या पूर्वजांकडे, गेला असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. या वाटेत ग्रीस कुठेच लागत नाही. इंग्रजी रूपातला 'स' घासून गेला म्हणून शब्द 'अयस्'सारखा ऐकू येतो, एवढंच.

'अयस्'चे खरे नातेवाईक आहेत, पण दुसऱ्या घरात. लॅटिनमध्ये 'आएस', म्हणजे तांबं किंवा कांसं. गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेत 'ऐझ'. जुन्या इंग्रजीत 'आर', म्हणजे पितळ-तांबं. हा 'आर' दुसऱ्या एका शब्दात मिसळला आणि आजचा 'ओअर', म्हणजे खनिज, तयार झाला. म्हणजे इंग्रजीत 'अयस्'चं भावंड शोधायचंच असेल तर ते आपल्या भट्टीत नाही, खाणीवरून आलेल्या ट्रकमध्ये आहे. आणि तेही भावंड, लेकरू नव्हे. दोन चुलत भावांची नाकं सारखी असली म्हणून एक दुसऱ्याचा बाप होत नाही.

मुळात 'अयस्' म्हणजे लोखंडच, हेही इतकं सरळ नाही. ज्यांच्या घरी रुद्राची आवर्तनं होतात त्यांनी चमकाचा पाचवा अनुवाक आठवावा: 'हिरण्यं च मेऽयश्च मे सीसं च मे त्रपुश्च मे श्यामं च मे लोहं च मे'. सोनं, मग अयस्, मग शिसं, कथील, आणि त्यानंतर 'श्याम' आणि 'लोह' वेगळे मागितले आहेत. 'श्याम' म्हणजे काळा धातू, लोखंड. 'लोह' म्हणजे तांबूस, तांबं. जे 'लोह' आज आपण लोखंडासाठी वापरतो ते मूळचं लाल! धातू बदलला की जुनं नाव नव्या धातूला चिकटतं. ही खोड सगळ्या भाषांत आहे, ग्रीकमध्येही. ते पुढे येईलच.

'स्टील'ला फार वेळ द्यायला नको. जर्मन 'श्टाल', डच 'स्टाल', मूळ अर्थ घट्ट उभं राहणारं, न वाकणारं. चकाकण्याशी संबंध नाही. ग्रीकमध्ये पोलादाला 'खाल्युप्स' म्हणत, काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या खालुबेस नावाच्या लोकांवरून. त्यांच्यातले बहुतेक लोखंडकामावर जगतात, असं झेनोफोन या प्राचीन ग्रीक लेखकाने स्वतः त्या वाटेने जाऊन लिहून ठेवलं आहे. हा शब्द इंग्रजीत पोचला, पण पोलादासाठी नाही. 'कॅलिबिएट' म्हणजे लोहयुक्त पाण्याचा झरा. 1606 मध्ये असा झरा सापडला म्हणून इंग्लंडात टनब्रिज वेल्स हे गाव वसलं. आणि गंमत पाहा, आजचा ग्रीक माणूस बाजारात पोलाद मागताना बहुधा 'अत्साली' म्हणतो. तो शब्द इटलीतून, व्हेनिसवाल्यांच्या बोलीतून आलेला. ज्यांच्याकडून सगळ्या जगाने शब्द उचलले म्हणतात, त्यांचा रोजचा पोलादच उसना.

'मेटल' मात्र खरोखर ग्रीक. इथे फॉरवर्डला एक गुण. 'मेतालोन' म्हणजे खाण. अथेन्सजवळच्या लाव्रिओनच्या चांदीच्या खाणींना हाच शब्द होता. खाणीचं नाव खाणीतून निघणाऱ्या मालाला लागलं आणि लॅटिन, मग फ्रेंच असं करत ते इंग्रजीत उतरलं. पण 'मेत आल्ला'ची गोष्ट? ती बनावट आहे, तरी आजची नाही. एक शिर सापडली की जवळच दुसरी सापडते, म्हणून ग्रीकांनी हे नाव दिलं असावं, असं रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलं. तो वारला इसवी सन 79 मध्ये. म्हणजे हा फॉरवर्ड जवळजवळ दोन हजार वर्षं फिरतोय.

याच 'मेटल'चं स्पेलिंग बदलून इंग्रजीत दुसरा शब्द झाला, उच्चार तोच, अर्थ माणसातली धमक. आपण म्हणतो ना, 'त्याचं पाणी जोखलं', तसंच. फरक इतकाच की त्यांनी धातू घेतला आणि आपण धातूला पाजलेलं पाणी घेतलं.

पाण्यावरून होमर आठवला. 'ओडिसी'च्या नवव्या सर्गात एकाक्ष राक्षसाच्या डोळ्यात तापलेला खुंट खुपसतात तेव्हा चर्र आवाज होतो. कसा? तर लोहार कुऱ्हाड किंवा वाकस गार पाण्यात बुडवतो तेव्हा ती जशी ओरडते तसा. लोखंडाची ताकद त्यातूनच येते, असंही कवी लगेच सांगतो. पाणी पाजण्याचं इतकं जुनं आणि इतकं कानात घुमणारं वर्णन मी दुसरं वाचलेलं नाही. ज्याने तापलेलं पातं पाण्यात सोडलंय त्याला तो आवाज ओळखू येईल. पण तिथे लोहाराला शब्द काय वापरलाय? 'खाल्केउस'. 'खाल्कोस' म्हणजे तांबं, कांसं. म्हणजे लोखंडाला पाणी पाजणारा माणूस नावाने कासारच. आपलं 'लोह' तांब्यावरून लोखंडावर सरकलं, तसा त्यांचा कासार भात्यासमोर बसून लोहार झाला. एकाने दुसऱ्याकडून उचलायची गरजच पडली नाही. दोन्हीकडे लोखंड उशिरा आलं आणि जुनी नावं त्याला लागली.

आता तारा. आकाशातून पडलेल्या लोखंडाची गोष्ट खरी आहे, फक्त पत्ता चुकलाय. प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्या ममीजवळ सापडलेल्या खंजिराची 2016 मध्ये क्ष-किरणांनी तपासणी प्रसिद्ध झाली. पात्यात सुमारे 11 टक्के निकेल आणि थोडं कोबाल्ट निघालं. खनिज वितळवून त्या काळी केलेल्या लोखंडात इतकं निकेल येत नाही, ते अशनीचंच. इजिप्शियन भाषेत पुढे लोखंडाला 'आकाशातलं लोखंड' अशा अर्थाचा शब्दही रूढ झाला. पण 'सीदेरोस' हा ग्रीक शब्द. ग्रीकमध्ये ताऱ्याला 'आस्तेर' म्हणतात. 'सीदुस' म्हणजे तारा हे लॅटिन. कुणीतरी ग्रीक लोखंड आणि लॅटिन तारा यांचं लग्न लावून दिलं. 'सीदेरोस' मुळात कुठून आला ते आजवर कुणाला सिद्ध करता आलेलं नाही.

इंग्रजीत या दोन्ही घराण्यांची मुलं शेजारी राहतात, म्हणून घोटाळा होतो. 'सायडरिअल' म्हणजे नाक्षत्र, ते लॅटिन ताऱ्याचं. 'सिडेराइट' म्हणजे लोहाचं कार्बोनेट खनिज, ते ग्रीक लोखंडाचं. वेल्डिंगवाल्यांच्या फुप्फुसात लोहाची धूळ साचते, तो 'सिडेरोसिस'ही ग्रीक लोखंडाचाच.

'एफई' लॅटिन 'फेर्रुम'वरून. विषय संपला. ग्रीक हवंच असेल तर पाऱ्याचं 'एचजी' घ्या, ते 'हुद्रार्गुरोस'वरून, पाण्यासारखी चांदी.

मग इंग्रजीत ग्रीक आहे तरी कुठे? पुस्तकात. 'मेटलर्जी', 'मॉलिब्डेनम', 'कॅसिटराइट', 'चाल्कोपायराइट' हे सगळं प्रयोगशाळेतलं. भट्टीपाशी मात्र 'आयर्न', 'स्टील', 'हॅमर', 'अँव्हिल', 'टाँग्ज', 'स्मिथ', सगळं घरचं जर्मानिक. आपलंही तसंच आहे की. भात्यापाशी लोखंड, ऐरण, घण, सांडशी, आणि आमच्याकडे ओततात ते बीड. 'लोह' आणि 'धातुशास्त्र' परीक्षेच्या पेपरात. पोलाद तर फारसीतून आलेलं, आणि त्याने आपलं काही बिघडलं नाही.

राहता राहिला अभिमान. त्याची जागा या फॉरवर्डने नेमकी सोडली. 1794 मध्ये मुंबईहून हेलेनस स्कॉट नावाच्या डॉक्टरने लंडनला जोसेफ बँक्सकडे, म्हणजे रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेच्या अध्यक्षाकडे, इथल्या पोलादाच्या वड्या पाठवल्या. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सनने रॉयल सोसायटीत त्यांच्यावर निबंध वाचला आणि त्या पोलादाचं नाव इंग्रजीत पक्कं झालं: 'वूट्झ'. मूळ शब्द बहुधा कानडी 'उक्कु', आणि 'वूक'चं कुणीतरी लिहिताना 'वूट्झ' केलं असावं. इंग्रजीत गेलेला आपल्याकडचा खराखुरा पोलादी शब्द हा, संस्कृतही नाही आणि ग्रीकही नाही.