वर्गातला मॉनिटर कुणी निवडला होता?

आमच्या शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर पहिल्या दिवसापासून एक नियम आहे, इथे राजकारण नको. गुड मॉर्निंग चालेल, वाढदिवस चालतील, गुडघेदुखीवरचे उपाय तर धावतात. मागच्या महिन्यात आमच्यातल्या एका मित्राने, जो आता कॉलेजात शिकवतो, लिहिलं की कॉलेजात परत विद्यार्थी निवडणुका घ्या म्हणणाऱ्यांना काही कळत नाही, पोरं शिकायला येतात, पोस्टर चिकटवायला नाही. भराभर अंगठे पडले. मी लिहिलं, मला नाही पटत, आणि कारण लिहायला घेतलं तोवर ऍडमिनचा मेसेज आला, "कृपया राजकीय चर्चा टाळावी." म्हणजे त्याचं होतं ते मत, आणि माझं झालं राजकारण. मग म्हटलं ठीक आहे, तिकडे नाही तर इकडे लिहिते, आणि चांगलं लांबलचक लिहिते.

आधीच सांगते, मी जर्मनीत राहते, अकरा वर्षं झाली, आणि "आमच्याकडे बघा कसं, तुमच्याकडे बघा कसं" छापाचे परदेशस्थांचे लेख मलाही सहन होत नाहीत. तसं काही करायचं नाहीये. इथलं जे फसलंय तेही लिहीन.

पण आपल्या शाळेतला मॉनिटर आठवा. तो कुणी निवडला होता? बाईंनी. का? हुशार होता किंवा उंच होता, किंवा त्याची आई त्याच शाळेत शिक्षिका होती. आणि त्याचं काम काय, तर बाई वर्गात नसताना जो बोलेल त्याचं नाव फळ्यावर लिहायचं. परत बोलला तर नावापुढे फुली. आपली सत्तेशी पहिली ओळख ही अशी झाली, वरून नेमलेला माणूस आणि त्याच्या हातात बोलणाऱ्यांची यादी. आणि त्याच वर्षी इतिहासाच्या पुस्तकाच्या शेवटी नागरिकशास्त्राचे चार धडे असायचे, त्यात "लोकांनी लोकांसाठी" वगैरे पाठ करून आपण मार्क मिळवायचो.

माझी मुलगी चौथीत आहे. तिच्या शाळेत शुक्रवारी शेवटच्या तासाला वर्गसभा असते, इथे क्लासेनराट म्हणतात. मी एकदा मागे बसून पाहिली. खुर्च्या गोल मांडल्या होत्या, एक मुलगा अध्यक्ष (दर वेळी नवा), एक मुलगी घड्याळ धरून बसलेली, एक जण वहीत लिहून घेणारा. आठवडाभर मुलं एका खोक्यात चिठ्ठ्या टाकतात, त्या एकेक काढून त्यावर बोलायचं. बाईंना बोलायचं असेल तर त्यांनीही हात वर करायचा, आणि त्या दिवशी अध्यक्षाने बाईंना चक्क थांबवलं, तुमचा नंबर अजून आला नाही म्हणून. विषय होता मधल्या सुट्टीतलं फुटबॉलचं मैदान, चौथीची मोठी मुलं ते अडवतात अशी तिसरीवाल्यांची चिठ्ठी. वीस मिनिटं भांडून ठरलं की एक दिवस आम्ही, एक दिवस ते, दोन आठवडे करून बघू. आणि तो निर्णय साफ फसला, कारण दुसरीची मुलं पण खेळतात हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पुढच्या सभेत ती तक्रार आली आणि सगळं परत मांडावं लागलं. मला त्यातलं हेच सगळ्यात आवडलं. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना कळलं की आपण ठरवलेलं चुकू शकतं, जो खोलीत नाही त्याचा विचार राहून जातो, आणि चुकलेलं आपल्यालाच दुरुस्त करता येतं. हे कुठल्या धड्यात लिहून शिकवणार?

आता कुणी म्हणेल की आपल्याकडे 2020 च्या प्रजासत्ताक दिनापासून शाळांमध्ये रोज संविधानाची प्रास्ताविका वाचायची असं ठरलंय की. चांगलंय, मला ती वाचताना अजूनही काहीतरी होतं. पण जर्मनीचाच एक किस्सा सांगते. 1919 ची व्हायमार राज्यघटना, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मन प्रजासत्ताकाची, होती ना, तिच्या 148 व्या कलमात लिहिलं होतं की नागरिकशास्त्र हा शाळेतला विषय असेल आणि प्रत्येक विद्यार्थ्याला सक्तीचं शिक्षण संपताना राज्यघटनेची एक प्रत मिळेल. हे कलम येऊन चौदा वर्षं झाली आणि 1933 उजाडलं, हिटलर सत्तेवर आला. कपाटात घटनेची पुस्तिका असलेल्या घरांतूनही हिटलरला मतं गेलीच असणार. त्या धड्यामुळे असेल, दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीने 1952 मध्ये राजकीय शिक्षणासाठी वेगळी केंद्रीय सरकारी संस्थाच काढली, ती आजही चालते, स्वस्तात पुस्तकं देते. निवडणुकीआधी तिचं व्हाल-ओ-माट नावाचं एक ऑनलाइन यंत्र येतं, 2002 पासून. त्यात साधारण 38 विधानं असतात, पटतं, नाही पटत, तटस्थ असं दाबत जायचं, मग तुमची उत्तरं कुठल्या पक्षाच्या उत्तरांशी किती जुळतात ते दिसतं. पक्षांना त्या प्रत्येक विधानावर स्वतःची भूमिका लिहून द्यावी लागते. मला इथे मतदानाचा हक्क नाही तरी मी दर वेळी ते भरते, आणि दर वेळी मनात येतं की आपल्याकडच्या पक्षांना असे 38 सरळ प्रश्न दिले तर किती जण सरळ उत्तर देतील. अर्धे तरी "योग्य वेळी निर्णय घेऊ" लिहितील.

पण मुद्दा शाळेचा. "शाळेत राजकारण नको" हे जर्मनही म्हणत होते, आणि सत्तरच्या दशकात त्यावरून डाव्या-उजव्या शिक्षणतज्ज्ञांत जाम जुंपली होती. 1976 मध्ये स्टुटगार्टजवळच्या बॉयटल्सबाख नावाच्या छोट्या गावात ही मंडळी बसली आणि त्यातून तीन गोष्टी निघाल्या. शिक्षकाने आपलं मत मुलांवर लादायचं नाही. समाजात ज्यावर वाद आहे ते वर्गातही वादाचं म्हणूनच मांडायचं. आणि मुलाला आपलं हित कशात आहे हे ओळखून त्यासाठी काय करता येईल ते शोधता आलं पाहिजे. गंमत म्हणजे यावर मतदान वगैरे काही झालं नाही, एका सहभागी माणसाने नंतर टिपण लिहिलं की माझ्या मते एवढ्यावर सगळ्यांचं जमतंय, आणि तेच पुढे देशभर चालू लागलं.

दुसरी गोष्ट परत वाचा. वाद आहे ना, मग तो वर्गात आला पाहिजे. आपण नेमकं उलटं करतो, वाद आहे म्हणून तो विषय नको म्हणतो. आपल्या मराठीत बघा ना, "राजकारण करणं" ही शिवी आहे. ऑफिसात कुणी त्रास दिला की "तिने राजकारण केलं", घरात वाटणीवरून बिनसलं की "काकांनी राजकारण केलं". शाळेत नको, ग्रुपवर नको, सोसायटीच्या मीटिंगमध्ये नको, साहित्य संमेलनाच्या मांडवात तर नकोच नको, मग ते करायचं कुणी आणि कुठे? जे उरतात ते करतात, आणि आपण मग राजकारणात चांगली माणसं येत नाहीत म्हणून हळहळतो.

माझ्या मित्राच्या भीतीत तथ्य नाही असं नाही. 1989 मध्ये मुंबईत कॉलेज निवडणुकीच्या वादातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला होता, त्यानंतर हवा बदलली आणि 1994 च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका जाऊन मार्कांवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आली. म्हणजे परत तोच मॉनिटर. पुढे 2006 ला लिंगदोह समितीने नियम घालून दिले, उमेदवाराचा खर्च पाच हजारांच्या आत, हजेरी हवी, छापील पोस्टर नको. 2016 च्या विद्यापीठ कायद्यात निवडणुका परत आल्या, 2019 ला वेळापत्रक पण निघालं आणि मग पुढे ढकललं गेलं. हिंसा झाली म्हणून निवडणूकच बंद करायची हा उपाय मला अपघात होतात म्हणून रस्ता खणून ठेवण्यासारखा वाटतो. अठरा वर्षांचा मुलगा देशाचा खासदार निवडू शकतो पण कॉलेजच्या लायब्ररीची वेळ कुणी ठरवायची यावर त्याला मत नाही, यातलं तर्कशास्त्र मला कुणीतरी समजावून सांगा.

आणि मोठ्यांचं तरी काय. मुंबई, पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढे जवळपास चार वर्षं तिथे नगरसेवकच नव्हते, प्रशासक कारभार बघत होते. तेव्हा आठवीत असलेलं मूल बारावीला पोचलं. एवढ्या काळात त्याने "नगरसेवक वॉर्डातून निवडून येतो" हे परीक्षेत लिहिलंही असेल, मार्कही मिळाले असतील, फक्त शहरात नगरसेवक एकही नव्हता. मग ते मूल पुस्तकावर विश्वास ठेवेल की डोळ्यांवर?

सांस्कृतिक संस्थांचं म्हणाल तर आपल्याला कुणाकडून शिकायची गरजच नव्हती खरं तर. सत्यशोधक जलसे, नंतर 1930 च्या दशकातले आंबेडकरी जलसे, राष्ट्र सेवा दलाचं कलापथक (निळू फुले तिथूनच आले), ही सगळी लोकांना प्रश्न विचारायला लावणारी कामं होती, आणि तीही तमाशा, पोवाडा अशा लोकांच्या ओळखीच्या बाजात. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात 1875 मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती आपण अजून अभिमानाने सांगतो. पण आजच्या साधारण व्याख्यानमालेत काय होतं? दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्याचा परिचय, मग भाषण, आणि शेवटी सूत्रसंचालक म्हणतात "वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येणार नाहीत." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते निमंत्रणपत्रिकेवरच छापावं. वक्तृत्व स्पर्धेत पण तेच, भाषण बाई लिहून देतात, मूल हातवारे करून म्हणतं, टाळ्या. समोरच्याने उलट प्रश्न विचारला तर काय करायचं हे कुणी शिकवतच नाही.

इथे कार्यक्रमाचा निदान तिसरा हिस्सा श्रोत्यांचा असतो, अर्थात त्यातही एक आजोबा हमखास माइक घेऊन पाच मिनिटं आपलंच भाषण ठोकतात आणि शेवटी प्रश्नचिन्ह लावायला विसरतात. ते चालतं. गावातल्या वाचनालयात निवडणुकीच्या आधी उमेदवार येऊन बसतात, लहान मुलांसाठी नकली मतदान होतं, खरी मतपेटी, आडोसा, सगळं. शाळांमध्ये 1999 पासून तसाच उपक्रम चालतो, आणि मुलांचा निकाल खरं मतदान संपल्यावरच, संध्याकाळी सहाला जाहीर करतात. आपल्याकडे 1967 च्या ग्रंथालय कायद्यावर उभी राहिलेली हजारो अनुदानित वाचनालयं आहेत, भारतात कितीतरी राज्यांकडे असं जाळं नाही. पेपर वाचायला रोज माणसं येतात. त्या टेबलावर पेपरशेजारी ग्रामपंचायतीचा विकास आराखडा ठेवला आणि ग्रामसभेच्या आठवडाभर आधी एक संध्याकाळ तो वाचायला बसलं तर कुठलं मोठं अनुदान लागणार आहे?

आणि हे स्वप्नरंजन नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने हेच केलंय. गावात अभ्यासगट बसतात, तिथे विषय सगळ्या बाजूंनी समजून घ्यायचा, बाहेरचा जाणकारही चालेल, पण निर्णय तिथे नाही, निर्णय ग्रामसभेत आणि तोही सर्वसहमतीने. जंगलाचा सामूहिक हक्क 2009 मध्ये मिळाला तो काही कुणी खुश होऊन दिला नाही, वनहक्काचा कायदा आधी नीट वाचलेल्या लोकांनी तो मिळवला. बॉयटल्सबाखच्या विद्वानांना जे कागदावर लिहिता आलं ते शंभरेक घरांच्या गोंड गावाने करून दाखवलं, आणि आपण मात्र उदाहरणं द्यायला युरोपात येतो. मी पण तेच करतेय, कबूल.

आता इथलं फसलेलं. एवढं राजकीय शिक्षण, एवढी केंद्रं, आणि फेब्रुवारी 2025 च्या निवडणुकीत कट्टर उजव्या एएफडीला 20.8 टक्के मतं पडली, पक्ष दुसऱ्या नंबरवर. मतदान 82.5 टक्के झालं होतं, म्हणजे लोक घरी बसल्यामुळे हे झालं असंही म्हणता येत नाही. त्याच पक्षाने 2018 ला हॅम्बुर्गमध्ये शिक्षकांची तक्रार करायचं पोर्टल काढलं होतं, तुमचे सर वर्गात आमच्याविरुद्ध बोलले का, कळवा. आधार कशाचा, तर बॉयटल्सबाखच्या त्याच मत लादू नका वाल्या नियमाचा. फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहिणारा मॉनिटर इथेही परत आलाच म्हणायचा, या वेळी बाईंचंच नाव लिहायला. तेव्हा वर्गसभेने देश वाचतो असं मी म्हणणार नाही. एवढंच म्हणेन की माझ्या मुलीला समोरच्याचं पटलं नाही तर काय करायचं याचा सराव आहे, मला नव्हता. मी तिशीपर्यंत एकतर गप्प बसायचे नाहीतर उठून जायचे.

माझी स्वतःची अवस्था विचाराल तर विनोदीच आहे. इथे कर भरते पण मत नाही, महापालिकेलाही नाही, कारण मी ना जर्मन ना युरोपियन युनियनची. भारतात परदेशस्थ मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला स्वतः केंद्रावर हजर राहावं लागतं, म्हणजे विमानाचं तिकीट काढून बटण दाबायला यायचं. मला या देशात एकच मताधिकार आहे, शाळेच्या पालकसभेत. तिथे वर्षाच्या सुरुवातीला आम्ही सगळे मोठे लोक मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसतो आणि बाई विचारतात पालक प्रतिनिधी कोण होणार. लगेच सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागतात. तेवढ्यापुरते जर्मन आणि आपण अगदी एक. गेल्या वर्षी शांतता फार लांबली म्हणून मी हात वर केला, चिठ्ठ्या वाटल्या, मोजल्या, आणि मी उपप्रतिनिधी झाले, सतरा विरुद्ध दोन. ते दोन कोण हे मी अजून शोधतेय.

डिसेंबरमध्ये मी घरी येणार आहे. माजी विद्यार्थ्यांनी शाळेत "परदेशातील अनुभव" यावर माझं भाषण ठेवलंय, तासाभराचं. मी कळवलं, वीस मिनिटं बोलते, उरलेली चाळीस मिनिटं मुलांचे प्रश्न घेऊ, प्रश्न आधी तपासायचे नाहीत. ऍडमिनचं उत्तर काल आलं, कल्पना छान आहे, सत्कार किती वेळ चालतो त्यावर ठरवू.