‘चालतंय ना, मग हात लावू नका’ हे डेटाबेसच्या बाबतीत का चुकीचं आहे

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. थोडक्यात असा: डेटाबेस चालू आहे तोवर त्याला हात लावू नका, हेल्थ चेक (म्हणजे डेटाबेसची तपासणी) ही कन्सल्टंट लोकांची दुकानदारी आहे, स्लो झाला तर रॅम वाढवा, बॅकअप रोज होतोय एवढं बघा आणि क्लाउडवर असाल तर तीही काळजी नको. मला हा तीन जणांनी पाठवला आणि तिघंही स्वतःच्या धंद्याचा डेटा सांभाळणारे आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

‘चालू आहे तोवर हात लावू नका’

चालू आहे म्हणजे नक्की काय? लॉगिन होतंय, बिल निघतंय, एवढंच ना? डेटाबेस बंद पडायच्या खूप आधी तो वापरणाऱ्या माणसांच्या सवयी बदलतात आणि तिकडे कुणाचं लक्षच नसतं. एका ऑफिसमध्ये मी गेलो होतो, आयटीच्या म्हणण्यानुसार एकही तक्रार नाही. अकाउंट्समधल्या ताईंच्या शेजारी बसलो तर त्या सिस्टीमबरोबर एक एक्सेलही उघडून बसलेल्या. विचारलं हे कशाला, तर म्हणाल्या, "अहो, सिस्टीममधली बाकी कधीकधी जुळत नाही, मग मी माझी वेगळी ठेवते." दोन वर्षं ठेवत होत्या! आत बघितलं तर एकच ग्राहक तीन वेगवेगळ्या नावांनी, आणि काही पेमेंट अशा ग्राहकाच्या नावावर की जो टेबलात उरलेलाच नाही. कधीतरी जुना डेटा इम्पोर्ट करताना अडचण येते म्हणून फॉरेन की (दोन टेबलांमधलं नातं तुटू न देणारे नियम) काढल्या होत्या आणि परत लावायच्या राहून गेल्या. हा डेटाबेस रोज ‘चालू’ होता.

लोक समांतर एक्सेल ठेवायला लागले, रिपोर्ट लावून जागेवरून उठून जायला लागले, ‘महिनाअखेरीला दुपारी एंट्री करू नका’ असं एकमेकांना सांगायला लागले, की समजायचं तपासणीची वेळ झाली. रात्री रिस्टार्ट केलं की सकाळी बरं चालतं, हेही लक्षणच आहे, तो उपाय नाही.

आणि काही गोष्टी तर कसलंही लक्षण न दाखवता संपतात. आयडीचा (नोंदीच्या क्रमांकाचा) कॉलम साधा इंटिजर, म्हणजे ३२ बिटचा पूर्णांक, असेल तर तो २१४,७४,८३,६४७ ला थांबतो, त्यानंतरची पहिली एंट्री घेतलीच जात नाही, आदल्या मिनिटापर्यंत मात्र सगळं झकास असतं. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर ह्या डेटाबेसच्या फुकट एक्सप्रेस आवृत्तीत, २०२२ पर्यंतच्या, एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे, ती भरली की नवीन डेटा जात नाही. पोस्टग्रेस ह्या डेटाबेसमध्ये ट्रान्झॅक्शनचे (प्रत्येक बदलाला मिळणारे) आकडे ३२ बिटचे असतात, जुने आकडे व्हॅक्यूम (त्याची आतली साफसफाई) वेळेवर मोकळे करत नसेल तर साधारण २ अब्जांच्या आसपास डेटाबेस स्वतःच लिहिणं थांबवतो, डेटा बिघडू नये म्हणून. मेलचिंप कंपनीच्या मँड्रिल ह्या ईमेल पाठवणाऱ्या सेवेला फेब्रुवारी २०१९ मध्ये ह्याच कारणाने एक दिवसाहून जास्त त्रास झाला. हे आकडे बघायला एक क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) पुरते, पण ती कुणीतरी चालवावी लागते!

‘स्लो झाला तर रॅम वाढवा’

कधीकधी खरंच रॅम कमी असते, नाही म्हणत नाही. पण मायएसक्यूएल ह्या डेटाबेसचा बफर पूल (डेटा रॅममध्ये धरून ठेवायची जागा) न बदलता ठेवला तर १२८ एमबीचा असतो, म्हणजे तुम्ही ६४ जीबी रॅम टाका, इनोडीबी (मायएसक्यूएलचा डेटा साठवणारा भाग) स्वतःच्या कॅशसाठी वापरणार तेवढीच १२८ एमबी. पैसे गेले आणि सेटिंग तिथंच.

बहुतेक वेळा दुखणं क्वेरीत असतं. एक विक्रीचा रिपोर्ट मी एक्सप्लेन (क्वेरीचा प्लॅन, म्हणजे ती आत कशी चालते, ते दाखवणारी कमांड) लावून बघितला, तारखेच्या कॉलमवर इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी, ओळी पटकन शोधून देणारी यादी) होता, तरी पूर्ण टेबल वाचलं जात होतं, लाखो ओळी, हातात येणार काहीशे. कारण अट अशी लिहिलेली की तारखेतून आधी वर्ष काढायचं आणि मग तुलना करायची, आणि कॉलमला असं फंक्शनमध्ये गुंडाळलं की साधा इंडेक्स उपयोगी पडत नाही. तीच अट ‘ह्या तारखेपासून त्या तारखेच्या आधीपर्यंत’ अशी लिहिली आणि रिपोर्ट लगेच यायला लागला. रॅम वाढवली असती तर टेबल मेमरीत बसलं असतं, सहा महिने बरं वाटलं असतं, आणि टेबल वाढल्यावर परत तेच.

इथली खूण सोपी आहे: वापरणारे तेवढेच, काम तेच, तरी वेळ महिन्यागणिक वाढतोय. आता हे कळायला जुने आकडे हवेत ना. मायएसक्यूएलचा स्लो क्वेरी लॉग मूळ सेटिंगमध्ये बंद असतो, चालू केला तरी १० सेकंदांच्या वरच्याच क्वेरी पकडतो. ९ सेकंदवाली दिवसातून हजार वेळा चालली तरी तिथं दिसणार नाही, म्हणून तो आकडा आधी खाली आणा.

‘बॅकअप रोज होतो, बास’

ह्या वाक्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये (प्रोग्रामरांचा कोड सांभाळणारी कंपनी) एका इंजिनिअरच्या हातून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी उडाली, सुमारे ३०० जीबी होता, थांबवेपर्यंत ४.५ जीबी उरला. मग बॅकअप शोधायला गेले तर डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा आणि बॅकअप घेणारं टूल ९.२ चं, त्यामुळे बॅकअप फेल होत होता, आणि ‘फेल झाला’ सांगणारे ईमेल सर्व्हर नाकारत होता म्हणून कुणाला कळलंच नाही. एका इंजिनिअरने सुमारे सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या डेटाची प्रत) घेतला होता त्यावर निभावलं, मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. हे त्यांनी स्वतः जाहीरपणे लिहिलंय आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर आहे.

बॅकअप झाला असं म्हणायचं कधी, तर दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून, त्यात कालची शेवटची एंट्री डोळ्यांनी बघितल्यावर. आणि रेप्लिका (मूळ डेटाबेसबरोबर सतत बदलत राहणारी दुसरी प्रत) म्हणजे बॅकअप नव्हे, चुकून मारलेला डिलीट तिथंही क्षणात पोचतो.

‘क्लाउडवर आहे, कंपनी बघते’

कंपनी मशीन बघते, डिस्क बघते, पॅच लावते. तुमचा गायब इंडेक्स, डुप्लिकेट ग्राहक, नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं अजून चालणारं अॅडमिन लॉगिन, हे तुमचंच आहे.

‘हेल्थ चेक म्हणजे दुकानदारी’

दुकानदारी करणारे आहेत, मान्य. पण खरी तपासणी जवळपास सगळी फक्त वाचण्याची असते: जड क्वेरी कुठल्या, डिस्क किती वेगाने भरतेय, आयडी कुठवर आलेत, शेवटचा रिस्टोअर कधी केला, आवृत्तीला सपोर्ट आहे का (मायएसक्यूएल ५.७ चा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, अजून खूप ठिकाणी चालू आहे). ह्यातलं अर्धं तुमचाच माणूस एका दुपारात काढू शकतो. बाहेरचा बोलावलात तर पहिल्या दिवशी त्याने तुमच्याच डेटाबेसमधली सगळ्यात जड क्वेरी आणि तिचा प्लॅन तुमच्यासमोर उघडून दाखवला पाहिजे. ते न करता तो आधी नव्या सर्व्हरचं कोटेशन काढत असेल तर त्याला तिथंच थांबवा.