दोष केवळ खेळाडूंचा नाही

दक्षिण आफ्रिका सोडून इंग्लंडमधील काउंटी (प्रादेशिक) संघांकडे गेलेल्या क्रिकेटपटूंना एका लेखात देशनिष्ठाहीन ठरवले आहे, ते पटत नाही. डिसेंबर २०१८-जानेवारी २०१९ मध्ये पाकिस्तानविरुद्ध तीन कसोटींत २४ बळी घेणारा डुआन ऑलिव्हिए पुढच्याच महिन्यात यॉर्कशायर काउंटीशी करारबद्ध झाला, कारण कोल्पॅक करारामुळे (युरोपीय संघाशी करार असलेल्या देशांच्या खेळाडूंना काउंटीत खेळण्याची मुभा देणारी वाट) परदेशी खेळाडूंच्या मर्यादेत न मोजले जाता पौंडांमध्ये तीन वर्षांचे निश्चित उत्पन्न मिळत होते, आणि वेगवान गोलंदाजाची उमेदीची वर्षे तशीही मोजकीच असतात. सायमन हार्मरला तर पाच कसोटींनंतर संघातच स्थान उरले नव्हते. मग त्याने याच वाटेने एसेक्स काउंटी गाठली, यात द्रोह कसला? ब्रेक्झिटमुळे २०२० अखेर ही वाट बंद झाल्यावर तो परतला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतात दोन कसोटींत त्याने १७ बळी घेतले, याचा उल्लेख लेखात हवा होता.