दुबईतला ‘शून्य कर’ आणि पुण्यात बसलेला मालक

समाजमाध्यमांवर सध्या फिरणारा एक संदेश बहुतेक मराठी उद्योजकांच्या आणि आयटीतल्या नोकरदारांच्या वाचनात आला असेल. त्याचा आशय असा : मुंबई-पुण्यात तीस टक्के कर भरत बसण्यापेक्षा दुबईत कंपनी काढावी. तिथे कर शून्य आहे, परवाना दोन दिवसांत हातात पडतो, परवान्यासोबत व्हिसा मिळतो, एखादा फ्लॅट घेतला की कायमचे रहिवासी होता येते, भारतातल्या आयकर खात्याशी संबंध उरत नाही, आणि बारा महिने लख्ख ऊन असलेल्या शहरात इथल्याइतक्याच खर्चात राहता येते. यातली बहुतेक विधाने अर्धी खरी आहेत, आणि अर्धे खरे खोडून काढणे निखालस खोटे खोडण्यापेक्षा कष्टाचे असते. दुबईचे फायदे खरे आहेत; पण ते तिथे जाऊन राहणाऱ्याला आणि तिथे खरोखर धंदा करणाऱ्याला मिळतात. संदेशात मात्र विकले जाते ते कागदावरचे स्थलांतर.

पहिले विधान शून्य कराचे. संयुक्त अरब अमिरातीत पगारावर आयकर नाही, हे खरे आहे. परंतु १ जून २०२३ रोजी किंवा त्यानंतर सुरू झालेल्या आर्थिक वर्षांपासून तिथे कंपनी कर लागू झाला असून ३,७५,००० दिरहमच्या वरच्या करपात्र नफ्यावर तो ९ टक्के आहे (दिरहम हे अमिरातीचे चलन). ७ लाख दिरहम नफा झालेल्या कंपनीला त्यामुळे २९,२५० दिरहम कर भरावा लागतो. भारताच्या तुलनेत हा बोजा हलका आहे हे मान्यच करायला हवे, पण तो शून्य नाही. कंपनी न काढता स्वतःच्या नावावर व्यवसाय करणाऱ्याची वर्षाची उलाढाल १० लाख दिरहमच्या पुढे गेली, तर त्यालाही हा कर लागू होतो. ज्यांचा महसूल ३० लाख दिरहमपर्यंत आहे अशा छोट्या व्यवसायांना सवलत आहे, पण ती ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत संपणाऱ्या करकालावधींपुरतीच दिलेली आहे आणि ती मागण्यासाठी नोंदणी करून विवरणपत्र भरावेच लागते. वेळेत नोंदणी न केल्याचा दंडच १०,००० दिरहम आहे.

यावर ‘पण फ्री झोनमध्ये तर शून्यच ना?’ असा प्रश्न हमखास येतो. फ्री झोन म्हणजे कंपन्यांसाठी वेगळे नियम आणि सवलती असलेली राखीव क्षेत्रे. तिथला शून्य दर विशिष्ट प्रकारच्या उत्पन्नालाच मिळतो : वस्तूंचे उत्पादन, ठरावीक झोनमधून होणारे घाऊक वितरण, जहाजवाहतूक, दुसऱ्या फ्री झोनमधल्या कंपन्यांशी होणारे काही व्यवहार आणि अशा काही गोष्टी. त्यासाठी हिशेबांचे लेखापरीक्षण करावे लागते आणि तिथे पुरेशी माणसे, जागा व खर्च असल्याचे दाखवावे लागते. पुण्यातल्या दोन ग्राहकांना सॉफ्टवेअर सल्ला देणारी किंवा समाजमाध्यमांचे मार्केटिंग करणारी एकट्या माणसाची कंपनी फ्री झोनमध्ये नोंदली, म्हणून तिचे उत्पन्न त्या यादीत आपोआप बसत नाही. शिवाय शून्य दराचा लाभ घेणाऱ्या फ्री झोन कंपनीला वरची छोट्या व्यवसायांची सवलत मिळत नाही. दोन्ही फायदे एका ओळीत लिहिणाऱ्या संदेशात ही अट कुठेच नसते.

इथेच आणखी एक गोंधळ होतो. १ जानेवारी २०१८ पासून तिथे ५ टक्के मूल्यवर्धित कर आहे आणि त्याच्या सक्तीच्या नोंदणीची मर्यादाही ३,७५,००० दिरहमच आहे. मात्र ती उलाढालीवर मोजली जाते, तर कंपनी कराची मर्यादा नफ्यावर. आकडा एकच असल्यामुळे ‘नफा तेवढा नाही, म्हणजे काहीच करायला नको’ असे समजून बसलेले लोक नंतर दंडाच्या नोटिसा घेऊन सल्लागार शोधत फिरतात.

आता संदेशातले सर्वांत धोकादायक विधान पाहू : दुबईचा व्हिसा घेतला की भारताचा कर संपतो. भारतात निवासी कोण, हे व्हिसा पाहून ठरत नाही. ते भारतात किती दिवस राहिलात यावरून ठरते. वर्षात १८२ दिवस किंवा त्याहून अधिक काळ भारतात असलेला माणूस निवासी ठरतो आणि त्याचे जगभरातले उत्पन्न सर्वसाधारणपणे इथे करपात्र होते, मग त्याच्या पाकिटात अमिरातीचे ओळखपत्र असो वा नसो. २०२० च्या वित्त कायद्याने ही चौकट आणखी आवळली. ज्या अनिवासी भारतीयाचे भारतातले उत्पन्न १५ लाख रुपयांच्या पुढे आहे, त्याच्यासाठी भेटीची मर्यादा १८२ वरून १२० दिवसांवर आली. तो त्याहून जास्त राहिला आणि आधीच्या चार वर्षांत मिळून वर्षभर भारतात राहिलेला असला, तर निवासी ठरू शकतो. त्याच कायद्याने आणखी एक कलम आणले : भारतातले उत्पन्न १५ लाखांच्या वर असलेला भारतीय नागरिक रहिवासामुळे दुसऱ्या कोणत्याही देशात करास पात्र नसेल, तर तो भारताचा निवासी मानला जातो. दुबईत पगारावर कर नाही हे ठाऊक असूनच हे कलम लिहिले गेले, हे कोणाच्याही लक्षात येईल.

या कलमाची भीती वाढवून सांगणारेही आहेत, म्हणून पुढचा भागही सांगायला हवा. १२० दिवसांच्या नियमाने किंवा निवासी मानण्याच्या या कलमाने निवासी ठरलेल्या माणसाचा दर्जा ‘सामान्यतः निवासी नसलेला’ असा राहतो आणि दुबईतल्या खऱ्या नोकरीचा पगार त्यामुळे भारतात करपात्र होत नाही. मात्र जो व्यवसाय भारतातून चालवला जातो, त्याचे परदेशातले उत्पन्न याही दर्जात करपात्र असते. म्हणजे कोथरूडमध्ये बसून दुबईच्या परवान्यावर बिले पाठवणाऱ्या माणसाला नेमका जिथे आधार हवा, तिथेच तो मिळत नाही. ५० कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असलेल्या परदेशी कंपनीचे कळीचे निर्णय भारतात घेतले जात असतील, तर ती कंपनीच भारताची निवासी ठरू शकते. छोट्या कंपन्या या नियमातून सुटतात. पण त्यांचे काम प्रत्यक्षात पुण्यात होत असेल, तर त्या कामाचे उत्पन्न भारतातले आहे असा दावा आयकर खाते करू शकते आणि बहुधा करतेच.

‘कळणार कसे?’ हा यापुढचा प्रश्न खासगीत विचारला जातो. अमिरात २०१८ पासून बँक खात्यांची माहिती परस्पर देवाणघेवाणीच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत पाठवते आणि भारतही त्या व्यवस्थेत आहे. निवासी असताना परदेशी खाते किंवा कंपनीतला हिस्सा विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवला नाही, तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली वर्षाला १० लाख रुपये दंड होऊ शकतो. भारत आणि अमिरात यांच्यातल्या दुहेरी करआकारणीविरोधी कराराचा आधार घ्यायचा असेल, तर त्यातली अमिरातीच्या रहिवाशाची व्याख्या कॅलेंडर वर्षात किमान १८३ दिवस अमिरातीत राहण्याची आहे. थोडक्यात, दिवस मोजूनच सुटका होते आणि ते दिवस पासपोर्टवरच्या शिक्क्यांत लिहिलेले असतात.

कायमच्या रहिवासाबद्दल. परवान्यासोबत मिळणारा भागीदाराचा व्हिसा साधारणतः दोन वर्षांचा असतो आणि सलग सहा महिने देशाबाहेर राहिल्यास तो रद्द होतो. ज्याला गोल्डन व्हिसा म्हणतात, तो मालमत्तेच्या आधारावर घ्यायचा तर किमान २० लाख दिरहमची मालमत्ता लागते. तो दहा वर्षांचा असतो, त्याला सहा महिन्यांची अट नाही आणि त्याचे नूतनीकरण करता येते. कायमचा मात्र तो नाही, आणि त्याने नागरिकत्वही मिळत नाही. जुलै २०२५ मध्ये ‘भारतीयांना एक लाख दिरहममध्ये आजीवन गोल्डन व्हिसा’ अशी बातमी पसरली होती. अमिरातीच्या ओळख व नागरिकत्व विभागाने ती जाहीरपणे फेटाळली. बातमी विरली, पण संदेशांत ती आजही जिवंत आहे.

फ्लॅटचे गणितही करून पाहावे. दिरहम डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, म्हणजे २० लाख दिरहम हे सुमारे ५ लाख ४४ हजार डॉलर होतात. भारतात राहणाऱ्या माणसाला परदेशी पैसे पाठवण्याच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली (एलआरएस) एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. तेव्हा एकट्याने घ्यायचे तर तीन आर्थिक वर्षे, नाहीतर कुटुंबातल्या तिघांची मर्यादा एकत्र करणे, हेच मार्ग उरतात. अशा कामासाठी १० लाख रुपयांच्या वर पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ कापून घेते. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण तोवर पैसा अडकतो. त्यावर दुबईच्या भूमी विभागाचे ४ टक्के हस्तांतरण शुल्क वेगळे.

परवाना दोन दिवसांत मिळतो, हे काही झोनच्या बाबतीत खरे आहे. बँक खाते मात्र तसे मिळत नाही, आणि खात्याविना परवाना घेऊन करायचे काय? मार्च २०२२ ते फेब्रुवारी २०२४ या काळात अमिरात आर्थिक गुन्ह्यांवर नजर ठेवणाऱ्या एफएटीएफच्या करड्या यादीत होती. यादीतून नाव निघाले तरी बँकांची सावध वृत्ती गेलेली नाही. ग्राहकांशी झालेले करार, जुनी बिले, पैशाचा स्रोत, कार्यालयाचा पत्ता हे सगळे विचारले जाते आणि नुसत्या ‘फ्लेक्सी डेस्क’वर, म्हणजे सामायिक कार्यालयातल्या टेबलावर, असलेल्या कंपनीला आठवडेच्या आठवडे ताटकळावे लागते. फ्री झोनच्या कंपनीला मुख्य भूमीवर, म्हणजे फ्री झोनबाहेरच्या भागात, वेगळ्या परवानगीशिवाय थेट माल विकता येत नाही, हेही अनेकांना परवाना हातात आल्यावरच कळते. १ जून २०२१ पासून मुख्य भूमीवरही बहुतेक व्यवसायांत शंभर टक्के परकी मालकी चालते, त्यामुळे स्थानिक बाजारात विकायचे असेल तर फ्री झोनचा आग्रह धरण्याचे पूर्वीइतके कारण राहिलेले नाही. कंपनी काढून देणाऱ्या दलालाच्या पॅकेजमध्ये मात्र फ्री झोनच असतो.

खर्च इथल्याइतकाच, हे विधान घरभाड्यापाशी कोसळते. भाडे दरमहा न देता वर्षाचे एक, दोन किंवा चार धनादेशांत आगाऊ द्यायची पद्धत तिथे रूढ आहे. ८०,००० दिरहम भाड्याच्या रिकाम्या घरासाठी साधारण ५ टक्के दलाली, ५ टक्के अनामत, वीज-पाण्याच्या जोडणीची २,००० दिरहम अनामत आणि इजारी, म्हणजे भाडेकराराची सरकारी नोंदणी, हे पहिल्याच दिवशी लागते. त्याशिवाय भाड्याच्या ५ टक्के महापालिका शुल्क वीज-पाण्याच्या बिलातून वर्षभर वसूल होते. जाहिरातीत ‘चिलर फ्री’ लिहिलेले नसेल, तर वातानुकूलनाचे बिल वेगळे येते. भाडे वाचवण्यासाठी शेजारच्या शारजात राहणाऱ्यांचे रोजचे दोन-तीन तास वाहतूक कोंडीत जातात, ही किंमत कोणत्याही तक्त्यात येत नाही.

उन्हाबद्दल फार लिहायला नको. नोव्हेंबर ते मार्च हवा खरोखर सुखाची असते. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ४० च्या पुढे आणि त्यावर समुद्राची दमट हवा; नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्याची सवय तिथे कामाला येत नाही. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घेण्यास कायद्याने बंदी आहे, यावरून काय ते समजावे. आणि १६ एप्रिल २०२४ ला याच कोरड्या शहरात इतका पाऊस झाला की विमानतळाच्या धावपट्ट्या पाण्याखाली गेल्या.

मग कोणी जाऊच नये काय? जेबेल अली बंदर आणि १९८५ पासूनचा तिथला फ्री झोन यांच्या आधारे आखात आणि आफ्रिकेत माल पाठवणाऱ्याला दुबईसारखी जागा सहसा सापडत नाही. १ मे २०२२ पासून लागू झालेल्या भारत-अमिरात व्यापार करारामुळे अनेक वस्तूंवरचे आयात शुल्क उतरले आहे. नाशिकची द्राक्षे किंवा कोकणचा हापूस तिकडे विकणाऱ्याने तिथे गोदाम आणि माणूस ठेवणे हा शहाणपणाचा खर्च आहे. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांचे हे जाणे-येणे पिढ्यांचे आहे; १९६६ पर्यंत दुबईत रिझर्व्ह बँकेने छापलेला आखाती रुपया चालत होता. या लोकांनी कर वाचवायला दुबई निवडली नाही. काम तिथे होते म्हणून ते गेले, आणि करातली सूट त्यांना त्यासोबत मिळाली.

संदेशात न आलेली एक गोष्ट म्हणजे कंपनी बंद करणे. परवान्याचे नूतनीकरण नुसते थांबवले म्हणजे कंपनी बंद होत नाही. दंड चढत राहतात. व्हिसे रद्द करणे, बँक खाते बंद करणे, झोनकडून ना-हरकत घेणे आणि व्यवसाय थांबल्यापासून तीन महिन्यांच्या आत कंपनी कराची नोंदणी रद्द करण्याचा अर्ज करणे, ही कामे क्रमाने करावी लागतात आणि प्रत्येकाचे शुल्क असते. पॅकेज विकणाऱ्याकडून लेखी दरपत्रक घेताना कंपनी काढण्याच्या खर्चासोबत दुसऱ्या वर्षीच्या नूतनीकरणाचा आणि ती बंद करण्याचा खर्चही त्यात लिहून मागावा.