दुसरा नमुना घ्यायला काय जातं?

छातीत दुखतंय म्हणून आईला दवाखान्यात नेलं, तर लगेच, "ट्रोपोनिन वाढलंय, अटॅक आहे, अँजिओग्राफीसाठी सही करा." झालं! ट्रोपोनिन म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन. ईसीजी नॉर्मल, टूडी इको नॉर्मल, आईच्या बरगडीवर बोट दाबलं की नेमकं तिथंच कळ येते, ते कुणी दाबूनही पाहिलं नाही. ट्रोपोनिन टी ३१, शेजारी ठळक 'एच', म्हणजे 'हाय', सगळ्यांचे डोळे तिथेच. त्याच कागदावर दोन ओळी खाली क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा आकडा, वाढलेलं, २.४ होतं. किडनीची जुनी फाइल माझ्या हातात होती. ती उघडायची तसदी कोण घेतो!

अहो, किडनी अधू असली की ट्रोपोनिन बरेचदा कायमच वर असतं. वयानंही चढतं. मर्यादा १४ ची, हे मान्य. पण थेट अटॅक धरायचा तर पहिलाच आकडा ५२ किंवा त्याच्या पुढे लागतो. मधल्या आकड्याला तासाभरानं पुन्हा रक्त काढायचं असतं. अटॅकमध्ये आकडा हलतो, जुन्या दुखण्यात जागचा हलत नाही. आणि त्या अधू किडनीवर तुम्ही अँजिओग्राफीचा डाय सोडायला निघालात? मी विचारलं तर उत्तर काय, "तुम्ही डॉक्टर आहात का?" नाही! पण मला वाचता येतं.

आणि हे आजचंच नाही. तपासणीला कुठलं किट वापरलं, त्यावर मर्यादा ठरते, पण ते लॅब रिपोर्टवर ठळक लिहीत नाही. ट्रोपोनिन आय या दुसऱ्या प्रकाराच्या एका नावाजलेल्या किटवर बायकांची मर्यादा १६ आणि पुरुषांची ३४ आहे, तरी दोघांना एकच आकडा लावतात. केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेता का, हे कुणी विचारत नाही. त्यानं काही किटवर ट्रोपोनिन खोटं कमी दिसतं, अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं २०१७ सालीच बजावलंय. सीके-एमबी ही अटॅकची जुनी रक्ततपासणी तर अजून सर्रास लिहून देतात, नुसत्या स्नायूच्या दुखापतीनंही वाढतं ते! आणि दुखायला लागून तास झाला नाही तोच एक नॉर्मल रिपोर्ट हातात देऊन घरी पाठवणारे, त्यांचा तर मला जास्तच संताप येतो; ट्रोपोनिन चढायला वेळ लागतो ना!

भांडून दुसरा नमुना घ्यायला लावला. ३०. अँजिओग्राफी टळली. पण डिस्चार्ज कार्डावर निदान काय, तर 'हार्ट अटॅक'! उद्या आईचा नवा डॉक्टर हेच वाचून औषधं सुरू करणार. दुरुस्त करा म्हटलं, तर काउंटरवरून उत्तर आलं, "एकदा एंट्री झाली की बदलत नाही."